गिलास पडले, बाहेर चला

बिराजदार सरांकडे हेल्मेट होतं. गाडी नव्हती.

लातूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी मुलाखतीला गेले, तेव्हाच हे हेल्मेट पहिल्यांदा पाहिलं. डायरेक्टर साळुंके सरांची केबिन वरच्या मजल्यावर होती. मी माझी प्रमाणपत्रं पुढं करून बसले होते, तेवढ्यात दार ढकलून पन्नाशीकडं झुकलेले एक सडपातळ गृहस्थ आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला आणि डोक्यावर काळं हेल्मेट. काच वर केलेली, हनुवटीखाली पट्टा घट्ट. त्यांनी बोर्डावरच्या मार्करबद्दल काहीतरी विचारलं, "बरं" म्हणाले आणि तसेच निघून गेले. साळुंके सरांनी मानही वर केली नाही. मला वाटलं, खाली गाडी चालूच ठेवून आले असतील.

नोकरी मिळाली. खाली उतरले तर तेच गृहस्थ तळमजल्यावरच्या लॅबमध्ये शिकवत होते आणि हेल्मेट जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला टांगलेलं होतं. समोरच्या टपरीवर अन्वरभाई चहा गाळत होते. सरांची गाडी कुठली, असं मी त्यांना सहज विचारलं.

"गाडी कां की मॅडम," अन्वरभाई म्हणाले, "वो तो जिने का हेल्मेट है."

मी नांदेडची. लातूरला येताना माझ्या मनात थोडी असूया होती हे कबूल करते, कारण त्या काळात लातूरचा तोरा काही विचारू नका. गल्लीत क्लास, क्लासच्या वर मेस, मेसच्या वर होस्टेल आणि होस्टेलच्या वर पुन्हा क्लास. अहमदपूर, उमरी, भोकर, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली गादी घेऊन स्टँडवर उतरायची. भूकंपानंतर याच गावानं कित्येक महिने अंगणात आणि मैदानात झोपून काढले होते. डोक्यावर स्लॅब नको म्हणून चांगल्या बंगल्यातली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली होती. आणि आता तेच गाव मजल्यावर मजले चढवत सुटलं होतं. सगळे भूकंप विसरले होते. बिराजदार सर तेवढे विसरले नव्हते.

सर वरच्या मजल्यावर कुठंही जात नसत. वरच्या हॉलमध्ये लग्न असलं की खालच्या फाटकात उभे राहून मंगलाष्टकं ऐकायचे आणि तिथूनच, रस्त्यावर, अक्षता टाकायचे. जेवणाचं ताट कुणीतरी खाली आणून द्यायचं. त्यांची बँक वरच्या मजल्यावर गेली तेव्हा त्यांनी बँक बदलली. थिएटरमध्ये दाराला लागून असलेली खुर्ची मिळाली तरच सिनेमा, आणि तोही चपला न काढता. डायरेक्टरांची केबिन मात्र चुकत नव्हती, म्हणून तिच्यासाठी हेल्मेट. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक शिट्टी असायची. नवी पोरं तिला ताईत समजायची.

पण खरी गंमत म्हणजे गिलास. सरांच्या टेबलावर, अगदी काठाला, स्टीलचे गिलास एकावर एक उपडे रचून ठेवलेले असत. खाली मोठा, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघर असे तांबे-गिलास रचलेले असायचे. जमीन हलली की ते पडणार, आवाज होणार आणि माणसं जागी होऊन बाहेर पळणार, असा साधा हिशोब. पुढं लोकांनी ते उतरवून मांडणीवर ठेवले. सरांनी मात्र ते क्लासमध्ये आणले होते.

आणि आमची लॅब होती मार्केट यार्डाच्या रस्त्यावर. तुरीचे ट्रक दिवसभर जायचे. एखादा जास्तच भरलेला ट्रक खड्ड्यात आदळला की धरणी हादरायची आणि खणण खण खण. सर हातातला मार्कर टाकून ओरडायचे, "गिलास पडले, बाहेर चला!" की सगळी बॅच बाहेर. मशीन चालू, पंखे चालू, पोरं समोरच्या मोकळ्या जागेत कडुलिंबाखाली उभी. सर सगळ्यांवरून नजर फिरवायचे, जमिनीकडं बघायचे, रस्त्याकडं बघायचे. पलीकडून अन्वरभाई निकाल द्यायचे, "ट्रक था सर, ट्रक!" मग सर म्हणायचे, "बरं झालं. चला आत." अन्वरभाईंचा मात्र तोवर चांगला धंदा होऊन जायचा. मला तर शंका होती की ट्रकवाल्यांना तेच चहा फुकट पाजतात.

पोरं तरी काय, कमी नव्हती. चाचणीच्या दिवशी हमखास ट्रक नसतानाही गिलास पडायचे. मी एकदा चिडून म्हणाले, "सर, मागच्या बाकावरच्यानं टेबलाला धक्का दिलाय. मी डोळ्यांनी बघितलं."

"मी बी बघितलं," सर म्हणाले. "पण गिलास पडले का न्हाई? पडले. मग बाहेर."

असा माणूस जावा शिकवत होता. आता जावा ही काही खाण्याची वस्तू नव्हे, कॉम्प्युटरला हुकूम देण्याची भाषा आहे, एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल. हुकूम ज्यात टाईप करायचे त्याला एडिटर म्हणतात. तुम्ही लिहीत असतानाच तो खांद्यावरून डोकावून वाचतो आणि चूक दिसली की तिच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. पण खरा न्याय करणारा वेगळा असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्यानं पास केलं की प्रोग्राम चालतो. एडिटर नुसता ओरडणारा.

आमचा एडिटर साळुंके सरांच्या मेव्हण्यानं कुठून तरी सीडीवर आणला होता. जुन्या मशिनींवर तेवढाच चालायचा. त्याला एक खोड होती. जावामध्ये अ‍ॅरे म्हणून एक प्रकार असतो. म्हणजे आपला मिसळणाचा डबा समजा, नाव एकच, आत वाट्या अनेक. या वाट्या भरायच्या दोन रीती. एक, महिरपी कंस करून त्यात सगळ्या किमती एका दमात लिहायच्या. दुसरी, एकेका वाटीचा नंबर घेऊन प्रत्येकीत वेगळं भरत बसायचं. दोन्ही बरोबर. पुस्तकात पहिली रीत, कारण ती एका ओळीत होते. आमच्या एडिटरला मात्र महिरपी कंस दिसला की झटका यायचा. काही चूक नसताना ओळभर लाल रेघा. कंपायलरकडं नेलं तर तो गुपचूप पास करायचा, प्रोग्राम चालायचा, उत्तर बरोबर यायचं. आणि वर लाल रेघा तशाच वळवळत असायच्या.

कुणीही शहाणा माणूस म्हणेल, सोडून द्या. बिराजदार सर सोडत नसत. रेघ दिसली की ते पोराच्या शेजारी जाऊन वाकायचे आणि म्हणायचे, "सांगुलालंय की बिचारं."

सांगुलालंय म्हणजे सांगत आहे. हे खास लातूरचं. आम्ही नांदेडकडं 'सांगायलंय' म्हणतो आणि लातूरकरांना हसतो, ते आम्हाला हसतात.

"सर, पण बरोबर आहे," पोर म्हणायचं.

"असंल. पण ते सांगुलालंय ना? ऐकावं."

आणि मग ती चांगली एक ओळ खोडायची. एकेक वाटी भरायची. एका ओळीचं काम पानभर व्हायचं. पोरांची बोटं दुखायची, आणि एवढं करून प्रोग्राम तोच. मी शेजारच्या बॅचला शिकवायचे आणि माझी पोरं महिरपी कंसानं काम उरकून चहाला जायची. सरांची पोरं काचेतून त्यांच्याकडं बघत बसायची. मला आधी वाटलं, सरांना जावा येत नाही. म्हणून एक दिवस मुद्दाम आडवंतिडवं विचारलं, तर सरांनी बोर्डावर अ‍ॅरे लिहिण्याच्या अशा तऱ्हा काढून दाखवल्या की काही मलाही नवीन होत्या. कंस नावाआधी, कंस नावानंतर, वाटीत वाटी. "हे सगळं बरोबर हाय," ते म्हणाले. "एडिटर चुकूलालाय. मला म्हाईत हाय."

"मग पोरांना का छळता?"

"ते सांगतंय आन् आपण बघायचंबी न्हाई, असं बरं दिसत न्हाई मॅडम."

मी कपाळाला हात लावला. एडिटरची बाजू घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

गोष्ट हसण्यावारी गेली असती, पण मागच्या बॅचचा निकाल लागला. प्रॅक्टिकलला पोरांना अ‍ॅरेचा प्रश्न आला होता. सरांची निम्मी पोरं वाट्या भरता भरता वेळ संपून अर्ध्यातच उठली होती. साळुंके सरांनी मला वर बोलावलं.

"हे बघा मॅडम, मला बिराजदारांबद्दल लई आदर आहे. पण पालक मला विचारतेत. या बारीला जर बॅच अशीच गेली तर मी त्यांना नारळ देणार. तुम्ही सांगून बघा. माझं ते ऐकत न्हाईत."

खाली येताना त्या खिळ्यावरच्या हेल्मेटकडं माझी नजर गेली. दुसऱ्या क्लासमध्ये मिळाली असती की नोकरी, असं तुम्हाला वाटेल. पण अख्ख्या लातुरात तळमजल्यावरचा कॉम्प्युटर क्लास आमचा एकच होता. बाकीचे दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर. खाली दुकानांना भाडं जास्त येतं. आमची लॅब गेली म्हणजे सरांना शिकवायला जागाच उरत नव्हती.

मी सरांना सगळं स्पष्ट सांगितलं, नारळासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिट्टी बोटांत फिरवत बसले. मी चिडले. म्हणाले, "सर, एक खोटी लाल रेघ तशीच राहू द्यायला तुमचं काय जातं?"

त्यांनी शिट्टी शर्टात टाकली. मग म्हणाले, "रविवारी घरी जेवायला या. आई येसराची आमटी चांगली करते."

मी माझ्या मनाशी म्हटलं, धन्य आहे. नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस आमटीचं बोलतोय.

सरांचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. स्लॅबचं घर परवडत असून त्यांनी हे घेतलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. घरात सर आणि त्यांची आई. ही आई म्हणजे एवढीशी, नऊवारीतली, आणि स्वयंपाकघरातसुद्धा पायात चपला. मला बघून म्हणाली, "ये माय. चपला काढू नकोस. तशीच ये आत."

आणि घरात जिकडं तिकडं गिलास. कोनाड्यात, खिडकीत, टीव्हीवर, तांब्यावर फुलपात्र, फुलपात्रावर गिलास. मला श्वास घ्यायचीही भीती वाटायला लागली. आई भाकरी थापत होती आणि थापता थापता सरांची चौकशी चालू होती.

"काल पडले का रं?"

"पडले. दोन डाव."

"भायेर गेलास?"

"गेलो की."

"पोरं?"

"समदी आली."

"वर गेल्तास तवा टोपडं घातलं का?"

"घातलं आई."

टोपडं म्हणजे हेल्मेट. मला हसू आवरेना. मी आमटीच्या वाटीत तोंड घातलं. रोज संध्याकाळी ही उलटतपासणी असते आणि पाहुणं आलं की पुन्हा होते, हे सरांनी नंतर सांगितलं. क्लासमधले गिलास तिनंच पिशवीत घालून दिले होते. शिट्टीही तिचीच. खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती, पण सर आईशी खोटं बोलत नसत. म्हणून ते खरंच पळायचे.

आमचं जेवण अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात बाहेरून वाळूचा ट्रक गेला. खिडकीतले गिलास खण खण करत खाली. आई हातातला उंडा तसाच घेऊन उठली, "चला, चला भायेर!" सर हात न धुता उठले. मीही उठले, काय करणार. तिघंही बोळात येऊन उभे राहिलो. शेजारची बाई दारात तांदूळ निवडत बसली होती, तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. दोन पोरं आम्हाला बघून फिदीफिदी हसली. मला लाज वाटली. भर दुपारी, खरकट्या हातानं, काही झालेलं नसताना.

म्हातारी जमिनीकडं बघत उभी होती. मग तिनं विचारलं, "आलं नव्हतं व्हय रं?"

"न्हाई आई. ट्रक व्हता."

तिचा सगळा चेहरा सैल झाला. इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पेढे वाटतानाही पाहिला नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "चला आत."

आत जाऊन ती पुन्हा गिलास रचायला लागली. सर आणि मी हात धुवायला मागच्या नळावर गेलो. तिथं सरांनी मला सांगितलं, नळाकडं बघत, बोर्डावर शिकवताना बोलायचे तितक्याच साध्या आवाजात.

त्यांचं गाव औशाकडचं. मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षापासून तिकडं बारीक बारीक धक्के बसत होते. सुरुवातीला सगळा गाव बाहेर पळायचा. मग कंटाळला. काही होत नाही म्हणाला आणि झोपायला लागला. फक्त सरांची आई पळायची. गिलास पडले की बोळात उभी राहून सगळ्यांना हाका मारायची. गाव तिला हसायचा. घरचेही हसायचे. सर तेव्हा नांदेडला नोकरीला होते, सुट्टीत आले की तेही हसायचे.

"त्या रात्री गिलास मांजरानं पाडले," सर म्हणाले. "खोटंच व्हतं. आई भायेर आली, हाका मारल्या. वडील म्हणले, मांजर हाय गं, झोप गपचिप. धाकटा भाऊ हसूलालता म्हणं. कुणी आलं न्हाई. ती एकटीच बोळात उभी. आन् ती उभी होती तवर खरं आलं."

नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"ती भूकंपाला भीत न्हाई मॅडम. कुणी भायेर आलं न्हाई तर, त्याला भिते. म्हणून मी जातो. खोटं निघालं की तिला किती बरं वाटतं, तुम्ही बघितलं."

 रडू आलं, ते मी तोंडावर पाणी मारून लपवलं. आता तुम्हाला वाटेल, इथं मी एडिटरचा विषय सोडून दिला असेल. मी सोडला नाही. मी नांदेडची आहे. आणि नारळाची तारीख जवळ येत होती.

"सर," मी म्हणाले, "आपण आता बाहेर गेलो."

"हाव."

"बघितलं. ट्रक होता. आत आलो."

"हाव."

"गिलास पडले म्हणून घर पाडलं का?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग पोरांचं चांगलं बांधलेलं का पाडायला लावता? रेघ आली, बघावी, खोटी आहे म्हणावं, बरं झालं म्हणावं आणि आत जावं. आईसुद्धा तेच करतात की."

सर नळाजवळच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आतून आईनं विचारलं, काय झालं रं? सर म्हणाले, "काही न्हाई आई. नांदेडची मॅडम शाणी हाय."

सोमवारपासून बिराजदार सरांच्या बॅचला नवा नियम लागू झाला. महिरपी कंसाखाली लाल रेघ आली की पोरानं जागेवर उभं राहायचं, ती ओळ नीट शेवटपर्यंत बघायची, खरी चूक नाही ना याची खात्री करायची आणि "बघितलं" म्हणायचं. सर म्हणणार, "बरं झालं. बस." मग प्रोग्राम चालवायचा. खाडाखोड करायची नाही. पोरांना हे इतकं आवडलं की सगळी लॅब दिवसभर उठबस करायला लागली. आणि एक गोष्ट मला मान्य करावी लागली. उभं राहून बघण्याच्या या सवयीनं खऱ्या चुकाही सापडायला लागल्या. माझी पोरं मात्र लाल रेघेकडं बघायचंच विसरली होती, आणि त्यांच्या खऱ्या चुका तशाच राहायच्या.

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. कडक इस्त्री, कडक चेहरा. पेपर सुरू झाला. अ‍ॅरे आलाच होता. थोड्या वेळानं अहमदपूरची एक मुलगी उभी राहिली, पडद्याकडं टक लावून पाहिलं, "बघितलं" म्हणाली, खाली बसली. मग भोकरचा एक उठला. मग तिघं एकदम.

"हे काय चाललंय?" परीक्षकांनी विचारलं.

"एडिटर सांगुलालंय सर," बिराजदार सर नम्रपणे म्हणाले. "पोरं ऐकून घेऊलालेत."

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

आणि नेमका तेव्हा ट्रक गेला. खणण खण खण.  आता सगळी परीक्षा लिंबाखाली जाणार आणि उद्या नारळ ठरलेला. पण एकही पोर उठलं नाही. सरांनी त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, की आज गिलास पडले तर मी एकटा जातो, तुम्ही लिहा, खरं असलं तर शिट्टी मारतो. सर एकटेच दाराबाहेर गेले. लिंबाखाली उभे राहिले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

"हे कुठं गेले?" परीक्षक म्हणाले.

"बघायला," मी म्हणाले.

"काय बघायला?"

मी उत्तर देण्याआधीच सर आत आले. "ट्रक व्हता," त्यांनी परीक्षकांना सांगितलं आणि गिलास रचायला लागले.

बॅच पास झाली. नुसती पास नाही, चांगली पास झाली. नारळ साळुंके सरांनी सत्यनारायणाला वापरला आणि प्रसाद घ्यायला बिराजदार सर हेल्मेट घालून वर गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांची आई गेली. आजारी नव्हती. दुपारी जेवून पडली आणि उठलीच नाही. सर बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा मुंडण केलेलं होतं. ते साळुंके सरांना भेटायला वर गेले. जिन्याच्या तोंडाशी हेल्मेट खिळ्यालाच होतं. ते तसेच गेले आणि तसेच खाली आले. अन्वरभाईंनी लांबून ते पाहिलं आणि चहाचं पातेलं उगाच हलवत राहिले.

सुट्ट्यांचे दिवस होते. लॅबमध्ये पोरं नव्हती. सर मशीन पुसत होते, मी कोपऱ्यात पेपर तपासत होते. गिलास टेबलावर होते. ते त्यांनी उतरवले का नाहीत, हे मी विचारलं नव्हतं.

ट्रक गेला. गिलास पडले.

एक गिलास गडगडत माझ्या खुर्चीपर्यंत आला. सर फडकं हातात धरून उभे राहिले. "बाहेर चला" म्हणाले नाहीत. संध्याकाळी विचारणारं कुणी नव्हतं. ते काही वेळ त्या गिलासांकडं बघत राहिले, मग फडकं ठेवलं आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले. एकटेच. टक्क उन्हात रस्ता मोकळा होता आणि ट्रक मार्केट यार्डाकडं वळताना दिसत होता. अन्वरभाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मला ते बघवेना. मी लाल पेन ठेवलं, चपला सरकवल्या आणि बाहेर गेले. सरांच्या शेजारी उभी राहिले. जमिनीकडं बघितलं.

"आलं नव्हतं व्हय, सर?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग रस्त्याकडं, मग जमिनीकडं.

"न्हाई," ते म्हणाले. "ट्रक व्हता."

"बरं झालं," मी म्हणाले. "चला आत."